ड्रॅक्युला नसलेला ड्रॅक्युलापट



भुताच्या चित्रपटावर या पानांत लिहावे की नाही, याचा आम्ही बराच विचार केला. पण हडळ, खवीस आणि मुंजा यांच्या गोष्टी कोकणातल्या आपल्या आज्यांनी आपल्याला कंदिलाच्या उजेडात ऐकवल्याच होत्या. पुढे आपल्यापैकी कित्येकांनी नारायण धारपांच्या कादंबऱ्या वाचनालयातून आणून रात्री जागवल्या. तेव्हा भिण्याची हौस आपल्याला नवी नाही.

इंग्लंडच्या हॅमर कंपनीने 1958 ते 1974 या काळात ड्रॅक्युलाचे नऊ चित्रपट काढले. त्यांपैकी सातांत ख्रिस्तोफर ली ड्रॅक्युला झाले. जाणकार बहुधा 1958च्या पहिल्या चित्रपटाला मान देतात. आमचा आवडता मात्र दुसरा, 1960चा ‘द ब्राइड्स ऑफ ड्रॅक्युला’. गंमत अशी की, त्यात ड्रॅक्युला नाहीच. तो पहिल्याच चित्रपटात मेला होता. येथे त्याचे नाव शीर्षकात आणि आरंभीच्या निवेदनात येते, तेवढेच. दिग्दर्शक तेच, टेरेन्स फिशर. परंतु राक्षस नसल्यामुळे त्यांना माणसांकडे पाहायला सवड मिळाली, असे आम्हांला वाटते.

कथा एका तरुण शिक्षिकेची आहे. मारियान नावाची मुलगी मुलींच्या शाळेत फ्रेंच शिकवण्याच्या नोकरीसाठी निघते. वाटेत गाडीवान तिला एका खेड्यातील खाणावळीत सोडून पळ काढतो. तेथे एक वृद्ध सरदारीण येते आणि तिला रात्रीपुरती आपल्या वाड्यात नेते. वाड्यात तिचा देखणा मुलगा साखळीने बांधलेला असतो. तो वेडा आहे, असे आई सांगते. आईने आपली इस्टेट बळकावण्यासाठी बांधले, असे मुलगा सांगतो. मारियानला दया येते. ती किल्ली चोरून त्याच्याकडे टाकते आणि तो मोकळा होतो. तो रक्तपिपासू आहे, हे तिला ठाऊक नसते. त्याचा पहिला बळी त्याची आईच.

आम्ही शिक्षकी पेशात आयुष्य घालवले, म्हणून असेल, पण हा प्रसंग आम्हांला प्रत्येक वेळी अस्वस्थ करतो. मारियान वाईट नाही. रडणाऱ्या मुलाची बाजू आपण शिक्षकही अशीच चटकन घेतो. दयेला चौकशीची जोड हवी, नाहीतर चांगल्या हातांनीही कुलूप चुकीचे उघडते. चित्रपट हे भाषण करून सांगत नाही. किल्ली खाली पडते, एवढेच दाखवतो.

पण दोष तिच्यापाशी सुरू होत नाही. वाड्यातली जुनी मोलकरीण ग्रेटा मालकिणीच्या प्रेताजवळ आक्रोश करते, त्यात सारे कळते. मुलगा उनाड मित्रांत रमला, तेव्हा आई हसली, त्यांच्याबरोबर बसून प्यालीसुद्धा. त्याच संगतीत तो हा असा झाला. मग तिने त्याला बांधले आणि त्याच्यासाठी परक्यांच्या मुली आणू लागली. मार्टिटा हंट यांनी ही आई फार भेदक उभी केली आहे. पुढे ती स्वतः रक्तपिपासू होऊन उठते, तेव्हा आपले सुळे लाजेने झाकते. नऊ चित्रपटांत आम्हांला खरे रडू आले ते येथेच.

आता खाणावळीचा प्रसंग. सरदारणीची गाडी का येते, हे खाणावळवाल्याला आणि त्याच्या बायकोला माहीत आहे. ती दोघे मुलीला घालवून देण्याची धडपड करतात, पण कारण सांगत नाहीत. बाकीचे गिऱ्हाईक उठून निघून जातात. नायमेखनमध्ये राहून हा प्रसंग आम्हांला नुसती करमणूक म्हणून पाहवत नाही. येथे नोनेनस्ट्राटवर 1756चे सिनेगॉग आहे. जवळच्या चौकाला किटी द वायझे हिचे नाव दिले आहे. या गावची ती ज्यू मुलगी आउश्वित्झला मारली गेली. चौकात शोकाकुल स्त्रीचा पुतळा उभा आहे. फिशर यांनी हे मनात धरून चित्रपट काढला, असे आम्ही म्हणत नाही. पण गाडी दारात उभी असताना गाव गप्प बसले तर काय होते, हे त्या पडद्यावर दिसते, आणि त्या चौकातून जाताना आठवते.

या गप्प माणसांमध्ये एकच जण प्रश्न विचारतो, तो म्हणजे डॉक्टर व्हॅन हेल्सिंग. ब्रॅम स्टोकरच्या 1897च्या कादंबरीत हा विद्वान अ‍ॅम्स्टरडॅमचा, आणि नाव अब्राहाम! आपल्या कानांना ते गोडच वाटायचे. पीटर कुशिंग यांनी तो शांत आणि नेमका रंगवला आहे. धारपांच्या ‘समर्थां’शी त्याचे नाते वाटते, बळ अंगात नाही, ज्ञानात. शेवटी पवनचक्कीत त्यालाच चावा बसतो, तेव्हा तो लोखंड लाल तापवून आपली मान स्वतः डागतो. दुसऱ्याच्या घरातील विष काढणाऱ्याने आधी आपल्या अंगातले जाळावे, हा धडा आम्ही कुठल्या क्रमिक पुस्तकात वाचला नव्हता.

दोषही सांगितले पाहिजेत. वटवाघूळ उघडउघड खोटे आहे. शाळेचे मुख्याध्यापक जमीनदाराला पाहून लोण्यासारखे वितळतात, हे मात्र दुर्दैवाने खरे वाटते! शेवटी चक्कीचे पाते फिरवून क्रुसाची सावली पाडली जाते आणि सरदार मरतो. दृश्य म्हणून ते सुंदर आहे. पवनचक्क्यांच्या देशात राहणाऱ्यांना तर अधिकच. परंतु आपण बेने इस्रायल लोकांनी क्रुसाला भिणाऱ्या भुतावर किती विश्वास ठेवावा? रोमन पोलान्स्कीच्या 1967च्या विनोदी चित्रपटात एक ज्यू खाणावळवाला मरून रक्तपिपासू होतो आणि क्रूस पाहून हसतो. आम्हीही पोट धरून हसलो. आपल्या स्वयंपाकघरात मांसाला मीठ लावून, रक्त निथळून घेतल्यावरच ते चुलीवर चढते. असला प्राणी आपल्या घरी आला, तर त्याने आधी मिठाच्या बरणीला भ्यावे.

तरीही हाच चित्रपट आम्ही पुन्हा पाहू. त्यातले भूत सावलीने मरते, पण त्याला वाढवणारी आई, गप्प राहणारे गाव आणि न विचारता दया करणारी शिक्षिका ही माणसे खरी आहेत. त्यांच्यावर क्रुसाचा काय, आणि मिठाचा काय, उपाय चालत नाही. तेथे कोणीतरी वेळेवर तोंड उघडावे लागते.