अभंगाचा साचा आणि ख्रिस्ती उपासना

रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांच्या भक्तिपर रचनेचे मूल्यमापन बहुधा एका ठरावीक विधानापाशी येऊन थांबते : टिळकांनी ख्रिस्ती आशय अभंगाच्या पात्रात ओतला. हे विधान असत्य नसले तरी अपुरे आहे. आशय आधीच सिद्ध होता आणि अभंग हे त्याचे केवळ बाह्य वेष्टन होते, असे त्यात गृहीत धरलेले दिसते. वस्तुतः सामुदायिक प्रार्थनेत गाण्याची रीत हाही आशयाचाच एक भाग असतो.

अमेरिकन मराठी मिशनचे कार्य मुंबईत १८१३ साली व अहमदनगरला १८३१ साली सुरू झाले. मिशनरी काळात उपासनेत इंग्रजी स्तोत्रांची भाषांतरे पाश्चात्त्य चालींवर गायिली जाऊ लागली. या स्तोत्रांचा एक प्रचलित बंध आठ व सहा अक्षरांच्या चरणांचा असून त्याची लय एकाआड एक येणाऱ्या आघातांवर उभी असते. मराठी कानाला मात्र ओळख आहे ती लघुगुरूंची. अशा चालीत चरणारंभी ‘करुणा’ हा शब्द आला, तर आघात ऱ्हस्व ‘रु’वर पडतो आणि दीर्घ ‘णा’ दबला जातो. अर्थ कळतो, पण शब्द परका वाटतो.

अभंगात ही अडचण उद्भवत नाही. सहा-सहा-सहा-चार अक्षरांचा मोठा अभंग घ्या, अथवा आठ-आठ अक्षरांचा लहान. दोहोंत बंधन अक्षरसंख्येचे व यमकाचे असते, लघुगुरूंच्या क्रमाचे नव्हे. गाताना अक्षर लांबविण्याची मुभा असल्यामुळे शब्द तालाशी सहज जुळतो. फादर स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘क्रिस्तपुराणा’साठी ओवी निवडली होती, परंतु तेथे हेतू कथनाचा होता. टिळकांच्या पूर्वी अहमदनगरचे कृष्णा रत्नाजी सांगळे यांनीही देशी वळणाची पदे रचली होती. टिळकांनी अभंग हा प्रार्थनेचा स्वर म्हणून स्वीकारला.

या स्वीकाराचा सामाजिक अर्थ अधिक महत्त्वाचा आहे. पुस्तकातील स्तोत्र सर्वांनी एकाच वेळी गावयाचे, तर ते वाचता यावे लागते. भजनात एकाने चरण म्हणावयाचा व इतरांनी तो उचलावयाचा असतो. नगर जिल्ह्यातील ख्रिस्ती समाजात महार व मांग समाजांतून आलेल्यांची संख्या मोठी होती आणि अक्षरज्ञान त्यांना दीर्घकाळ नाकारले गेले होते. चोखामेळ्याला अभंग गावा लागला तो देवळाच्या बाहेर उभे राहून. तोच छंद प्रार्थनामंदिरात सर्वांनी एकत्र बसून गाणे, हे केवळ छंदांतर म्हणता येणार नाही.

तथापि टिळकांची सर्वच भक्तिरचना या कसोटीला उतरते, असे नाही. जेथे संस्कृतप्रचुर समास व अमूर्त नामे दाटतात, तेथे चरण उचलणाऱ्या समुदायाचा आवाज मागे पडतो व सुशिक्षित कवीचा आवाज उरतो. दुसरी उणीव सूक्ष्म आहे. तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे टिळक मानीत. परंतु तुकोबा देवाशी भांडतात, त्याला जाब विचारतात. ‘अभंगांजली’चा प्रधान सूर मात्र समर्पणाचा आहे. साचा आला, पण त्यातील कलहाचा हक्क पुरतेपणी आला नाही. ज्या समाजाजवळ देवाला विचारण्याजोगे पुष्कळ होते, त्याच्या प्रार्थनेत ही उणीव विशेष जाणवते.

‘उपासना संगीत’ या स्तोत्रसंग्रहात भाषांतरित गीते व देशी पदे शेजारी शेजारी आढळतात. त्यांची तुलना केवळ छापील पृष्ठावर करून भागणार नाही. कोणते पद समुदायाच्या तोंडी पुस्तकावाचून राहिले व कोणते पुस्तकातच राहिले, याचा मंडळ्यांमध्ये जाऊन शोध घेतल्याखेरीज टिळकांच्या भक्तिरचनेचे मूल्यमापन पूर्ण होणार नाही.