निबंध तपासणे आणि निबंध वाचणे

भाषाशिक्षकांचे मूल्यमापन-कौशल्य वाढवण्यासाठी कृत्रिम बुद्धिमत्ता वापरावी, असे आता सर्रास सुचवले जाते. मुलाचा निबंध यंत्राला द्यावा, यंत्राने गुण व शेरा द्यावा आणि ते पाहून शिक्षकाने शिकावे, अशी ही कल्पना. ती तपासून पाहायला हवी.

कल्पना तशी जुनी आहे. अमेरिकेत एलिस पेज यांनी १९६६ मध्ये संगणकाकडून निबंध तपासून घेण्याची योजना मांडली. निबंधाची लांबी, विरामचिन्हे अशा मोजता येणाऱ्या खुणांवरून संगणक गुणांचा अंदाज बांधी, आणि तो परीक्षकांच्या गुणांशी बराच जुळे. पण खुणा म्हणजे आशय नव्हे. २०१४ मध्ये लेस पेरेलमन यांनी भारदस्त शब्दांचे, पण निरर्थक निबंध रचणारी आज्ञावली तयार केली. तपासणी-यंत्राने त्या निबंधांना भरघोस गुण दिले! आजची यंत्रे पुष्कळ पुढे गेली आहेत. तरी तीही उपलब्ध मजकुरावरच शिकतात, आणि मराठीतला छापील मजकूर बहुतांशी प्रमाणभाषेतला आहे.

याचा परिणाम काय होईल? चंद्रपूरच्या महाऔष्णिक वीज केंद्राची वसाहत असलेल्या ऊर्जानगरचे उदाहरण घेऊ. इथे बिबट्याची भीती मुलांच्या ओळखीची आहे. समजा, पाचवीतल्या मुलीने लिहिले : 'रात्री बीबट आला. बाबा ड्युटीवर होता. मायनं कवाड लावलं. मले झोपच नाही आली.'

यंत्र बहुधा 'मले'चे 'मला' करील, 'कवाड'चे 'दार' करील आणि 'छान प्रयत्न, शुद्धलेखनाकडे लक्ष दे' असा शेरा देईल. पण 'बीबट'मधली दीर्घ वेलांटी ही लेखनातली चूक, तर 'मले' हे बोलीतले रीतसर रूप. दोन्हींवर एकच लाल रेघ ओढणे हे मूल्यमापन नव्हे. शिवाय 'भीती' हा शब्दही न वापरता या मुलीने भीती सांगितली आहे, ती कोण वाचणार?

आपल्याकडे असे एकदा घडलेच आहे. २०१० पासून राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. वर्णनात्मक नोंदींमागचा हेतू प्रत्येक मूल वेगळे पाहण्याचा होता. लवकरच तयार नोंदींच्या याद्या फिरू लागल्या आणि एकाच वाक्यात अनेक मुले बसवली गेली. यंत्र हीच यादी अधिक गुळगुळीत भाषेत देऊ शकेल.

मग यंत्र वापरूच नये का? वापरावे, पण शेवटी. तीन-चार शिक्षकांनी नावे झाकून त्याच पाच वह्या स्वतंत्रपणे तपासाव्यात. जिथे गुणांत फरक पडेल, तिथे आपले कारण लिहावे, एकमेकांशी वाद घालावा. त्यानंतर यंत्राचे मत मागवावे आणि ते का मान्य वा अमान्य, हेही लिहावे. कौशल्य वाढते ते या कारणे देण्यातून. आयता शेरा उतरवून घेतला, तर ते उलट गंजेल.

शेवटी गुण हा मूल्यमापनाचा छोटा भाग. या मुलीला पुढे काय विचारायचे, हा मोठा. 'कवाड लावल्यावर बाहेरून काय ऐकू येत होतं?' एवढे विचारले, तर ती पुढची चार वाक्ये लिहील. हा प्रश्न सुचण्यासाठी आधीची चार वाक्ये शिक्षकाने स्वतः वाचलेली असावी लागतात.