छत्तीस विधानांतलं नातं

पहिलंच विधान अवघडलेपणाचं आहे. मानसोपचार घेणाऱ्या माणसापुढे 'वर्किंग अलायन्स इन्व्हेंटरी' ही प्रश्नावली ठेवली, की ती आधी हेच पाहते, की या थेरपिस्टसमोर त्याला संकोचल्यासारखं होतं का. विश्वास, आदर, आपुलकी यांची पाळी नंतर. तक्रारीला पहिला पाट मांडणारा हा कागद मला म्हणूनच आवडतो.

अ‍ॅडम होर्व्हाथ आणि लेस्ली ग्रीनबर्ग यांनी तो १९८९ मध्ये प्रसिद्ध केला. पाया मात्र एडवर्ड बॉर्डिन यांच्या १९७९ मधल्या लेखाचा. थेरपिस्ट आणि क्लायंट यांच्यातल्या सहकार्याची ही कल्पना मनोविश्लेषणाच्या घरात वाढलेली. बॉर्डिन यांनी ती सगळ्या उपचारपद्धतींना खुली केली. पद्धत कोणतीही असो, तीन गोष्टी जुळाव्या लागतात: कुठे पोचायचं, त्यासाठी काय करायचं आणि एकमेकांविषयी वाटणारा जिव्हाळा. ३६ विधानांत प्रत्येकीला १२ मिळतात. म्हणजे जिव्हाळ्याच्या वाट्याला एक तृतीयांशच. बाकी सगळं कामाचं. थेरपिस्ट कितीही प्रेमळ असला, तरी 'आपण हे कशासाठी करतोय' हे क्लायंटला उमगत नसेल, तर गुण कमीच पडणार. ही कठोरता मला योग्य वाटते.

रचना बारकाईने पाहण्यासारखी आहे. तिन्ही गटांची विधानं सरमिसळ केलेली, त्यामुळे कुठलं कशासाठी आहे ते भरणाऱ्याला सहज कळत नाही. काही विधानं सुलटी, काही उलटी. उलट्यांचे गुण मोजताना फिरवून घ्यायचे. शिवाय विधानांत मोकळी जागा सोडलेली असते, तिथे मनातल्या मनात आपल्या थेरपिस्टचं नाव घालून वाचायचं. 'थेरपिस्ट' म्हणून कुणी अमूर्त माणूस उरत नाही. दर आठवड्याला समोर बसणारी व्यक्तीच विधानात येऊन बसते. मग 'कधीच नाही' ते 'नेहमी' अशा सात पायऱ्यांतली एक निवडायची.

माझं सर्वांत आवडतं विधान उत्तरार्धातलं. आपण काही चुकीचं बोललो किंवा वागलो, तर हा माणूस आपल्यासोबत काम करणं थांबवेल असं वाटतं का, असा त्याचा आशय. यात घरातलं जुनं भय आहे, शाळेतलं आहे, लग्नातलंही. नात्याची मोजणी करता करता ते क्लायंटच्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवतं.

आपल्याकडे 'डॉक्टरांना कमी मार्क कसे द्यायचे?' ही भीड असतेच. पण ती फक्त आपलीच नव्हे. अशा प्रश्नावल्यांत गुण वरच्या टोकाला गोळा होतात, हा अनुभव सर्वत्रचा. त्यावर दोन उलट उपाय निघाले. मूळ प्रश्नावलीच्या सूचनेत म्हटलं आहे, की तुमची उत्तरं थेरपिस्टला दिसणार नाहीत. स्कॉट मिलर, बॅरी डंकन आणि सहकाऱ्यांची 'सेशन रेटिंग स्केल' नेमकं उलटं करते. दहा सेंटिमीटरच्या चार रेघा, सेशनच्या शेवटी थेरपिस्टच्या समोरच खूण करायची. एकूण ४० पैकी ३६ हून कमी आले, तर लगेच त्यावर बोलायचं. संशोधकाला पहिली सोयीची, थेरपिस्टला दुसरी. वाचायला विचाराल, तर छत्तीसवाली कितीतरी श्रीमंत.

एवढ्या मोजमापातून हाती काय लागतं? २०१८ मध्ये फ्ल्यूकिगर आणि सहकाऱ्यांनी २९५ अभ्यास एकत्र तपासले. नातं आणि उपचाराचं फळ यांचा सहसंबंध साधारण ०.२८ निघाला, म्हणजे फळातल्या फरकाचा जेमतेम आठ टक्के भाग. आकडा छोटा दिसेल, पण वेगवेगळ्या पद्धतींत तो टिकून आहे. तेव्हा असा कागद कधी हाती आला, तर भिडेपोटी सगळीकडे थेरपिस्टच्या कौतुकाचीच पायरी निवडू नका.