क्षेत्र आणि भूमी : लीला दुबे यांच्या रूपकचिकित्सेविषयी

लीला दुबे (१९२३-२०१२) यांचा बीज आणि भूमी या प्रतीकांवरील निबंध १९८६ साली ‘व्हिजिबिलिटी अँड पॉवर’ या ग्रंथात प्रसिद्ध झाला. समाजशास्त्राच्या वर्गांत तो रुळला; मराठी समीक्षेने मात्र त्याला फारसे जवळ केले नाही. वस्तुतः हा निबंध जितका कुटुंबसंस्थेविषयी आहे, तितकाच रूपकाच्या सामर्थ्याविषयी आहे, आणि ते क्षेत्र तर समीक्षेचेच.

पुरुष बीज देतो, स्त्री ते धारण करते आणि पोसते. पिकाची जात बीजावरून ठरते. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायापासून नित्याच्या बोलण्यापर्यंत पसरलेली ही मांडणी गर्भधारणेचे केवळ वर्णन करीत नाही. संततीवरील पित्याचा हक्क, स्त्रीच्या लैंगिकतेवरील नियंत्रण आणि उत्पादनसाधनांपासून तिला दूर ठेवणे या तिन्ही गोष्टी ती एकदमच ‘नैसर्गिक’ ठरविते, असे दुबे यांचे प्रतिपादन आहे. मनूत बीज श्रेष्ठ की क्षेत्र, असा वाद आहे खरा. परंतु तो बीज टाकणारा आणि शेताचा धनी यांच्यातील आहे. क्षेत्र स्वतः त्या वादात पक्षकार नाही. मराठीत ‘वांझ’ हे विशेषण बाईला लागते तसे जमिनीलाही लागते, यावरून रूपक किती खोल मुरले आहे ते दिसते.

तथापि एका ठिकाणी हे विवेचन अडते. मनूचा शब्द ‘क्षेत्र’ आहे. दुबे यांच्या शीर्षकात ‘भूमी’ आहे. क्षेत्र म्हटले की बांध आला, नांगर आला, मालक आला. भूमीला यांपैकी कशाचीच पूर्वअट नाही. हे दोन शब्द एकमेकांत मिसळल्यामुळे भूमिरूपिणी स्त्रीची दुसरी परंपरा विवेचनाबाहेर राहते.

पूर्वी किनवट तालुक्यात असलेल्या माहूरची रेणुका ही त्या परंपरेतील. महाभारताच्या वनपर्वात चित्ररथाला पाहून तिचे मन क्षणभर चळते, जमदग्नी वधाची आज्ञा देतो आणि थोरले पुत्र नाकारतात ते परशुराम करतो. दुबे यांच्या चौकटीत ही कथा तंतोतंत बसते : पुत्र बीजाचा, म्हणून आज्ञा पित्याची. परशुराम नंतर आईचे जीवित मागतो आणि तिला वधाचे स्मरण राहू नये असेही मागतो. कुटुंब पुन्हा उभे राहते ते या विस्मरणावर. पण माहूरला पूजा मुखाची आहे, धडाची नव्हे. रा. चिं. ढेरे यांनी ‘लज्जागौरी’त (१९७८) रेणुका-यल्लम्मेचे नाते मस्तकहीन मातृदेवतेशी आणि वारुळाशी जोडले. वारूळ ही न नांगरलेली भूमी. तेथे बीजाचा धनी शोधून सापडत नाही.

ओटी भरण्याचा विधीही या दृष्टीने पुन्हा वाचावा लागतो. धान्य, नारळ, खण स्त्री स्त्रीच्या पदरात घालते. म्हणजे बी येथे बाईच्या हातात आहे. मनूचे रूपक इतके सहज उलटे झालेले अन्यत्र क्वचितच आढळेल. मात्र यावरून स्त्रीसत्तेचा निष्कर्ष काढणे उतावीळपणाचे होईल. रूढीने विधवेची ओटी भरली जात नाही; विधी बायकांचा असला तरी त्याची कुंपणे पतीच्या असण्यानेच घातलेली आहेत.

किनवटचा डोंगरी भाग आणखी एक कसोटी पुढे ठेवतो. हायमेनडॉर्फ यांनी निजामी राजवटीतील आदिलाबाद जिल्ह्यात गोंड-कोलामांचा अभ्यास केला तेव्हा किनवट त्याच जिल्ह्यात होते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत ते नांदेडला जोडले गेले. कोलामांची फिरती शेती कुदळीवर आणि खणत्या काठीवर चाले. तेथे नांगराचे रूपक मुळातच उपरे ठरते. परंतु गोंडांमध्ये मूल पित्याच्याच कुळात, पित्याच्याच देवांत मोजले जाते. छत्तीसगडच्या गोंड स्त्रियांवर डॉक्टरेटचे संशोधन केलेल्या दुबे यांना हे नवे नव्हते. म्हणजे रूपक बदलले तरी वारसा बदलत नाही. मग रूपक हे व्यवस्थेचे कारण, की मागाहून दिलेले समर्थन? दुबे यांचा कल दुसऱ्या पर्यायाकडे दिसतो आणि तो योग्य आहे. निबंधाची भाषा मात्र अधूनमधून पहिल्याकडे घसरते.

हा भेद केवळ पांडित्याचा नाही. महाराष्ट्राने १९९४ साली आणि केंद्राने २००५ साली मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत सहदायिकाचा हक्क दिला. कायद्यापुरते क्षेत्रच मालक झाले. तरीही बहिणींकडून हक्कसोडपत्रावर सह्या घेतल्या जातात, बहुधा माहेर तुटू नये या भीतीपोटी त्या दिल्या जातात, आणि सातबाऱ्यावर भोगवटादार म्हणून भावाचे नाव राहते. या सहीचे स्पष्टीकरण बीज-क्षेत्राच्या रूपकात पुरेसे मिळत नाही. त्यासाठी ‘माहेर’ या शब्दाचीच चिकित्सा हवी, आणि ओव्यांच्या अभ्यासकांनी ती अजून भावुकतेच्या बाहेर नेलेली नाही.