झूमची किल्ली कोणाकडे होती?

रिसर्च मेथडॉलॉजीचा पेपर देणाऱ्या ज्युनिअर्सना मी एक अहवाल हमखास वाचायला लावतो. टोरंटो विद्यापीठातल्या सिटिझन लॅबच्या बिल मार्झाक आणि जॉन स्कॉट-रेल्टन यांनी तो ३ एप्रिल २०२० रोजी प्रसिद्ध केला, विषय झूम. त्या दिवसांत मी लॉकडाऊनमुळे जांब समर्थला घरीच होतो. एमएस्सीचे तास झूमवर चालायचे आणि रेंज मिळायची ती गच्चीवर. त्यामुळे हा अहवाल मी जरा जास्तच मन लावून वाचला.

झूमची कागदपत्रं एईएस-२५६ म्हणत होती. या दोघांना सापडलं एईएस-१२८, तेही ईसीबी मोडमध्ये. ईसीबी म्हणजे काय, तर डेटाचे १६-१६ बाइटचे तुकडे करायचे आणि प्रत्येकाला सुटं कुलूप लावायचं. दोन तुकडे सारखे असतील तर कुलूप लावल्यावरही सारखेच दिसतात. पेंग्विनचं चित्र ईसीबीनं झाकलं तरी पेंग्विन ओळखू येतो, हे उदाहरण तुम्ही पाहिलं असेलच.

चर्चेत सगळे त्या पेंग्विनवरच रेंगाळतात. माझं म्हणणं जरा वेगळं आहे. ईसीबी वापरणं चूकच, वाद नाही. पण पेंग्विन हे कॉम्प्रेस न केलेलं चित्र असतं. व्हिडिओ कॉल आधी कॉम्प्रेस होतो, मग त्यात हुबेहूब सारखे तुकडे फार कमी उरतात. अहवालात डेटा उलगडून दाखवलाय तो किल्ली हाती असताना. किल्लीशिवाय ईसीबी फोडून दाखवलेलं नाही. 'पद्धत कच्ची आहे' आणि 'पद्धत फोडली' ही दोन वेगळी विधानं आहेत. व्हायव्हात इथेच गाळण उडते.

खरं वजन दुसऱ्या निष्कर्षाला आहे. मीटिंगची एकच किल्ली सगळ्यांना मिळायची आणि ती झूमचा सर्व्हर तयार करायचा. एका चाचणीत माणसं अमेरिका आणि कॅनडात, अन् किल्ली आली बीजिंगच्या सर्व्हरवरून! म्हणजे कंपनीला मनात आणलं तर ऐकता येईल अशी रचना, आणि जाहिरात मात्र 'एंड-टू-एंड'ची. याच दाव्यावरून पुढे नोव्हेंबर २०२० मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनशी झूमला समझोता करावा लागला.

आता आपल्याकडचं बघा. १६ एप्रिल २०२० ला केंद्रीय गृहमंत्रालयाची सूचना आली: सरकारी कामाला झूम नको, खासगी वापर करायचाच तर दर मीटिंगला नवा पासवर्ड ठेवा, वेटिंग रूम चालू करा, स्क्रीन शेअर फक्त होस्टकडे ठेवा. सल्ला चांगलाच होता. आगंतुक घुसून धिंगाणा घालत होते, त्याला आळा बसणार होता. पण हे सगळं दाराशी कोण उभं आहे याबद्दल झालं. किल्ली कोणाकडे, याला वापरणाऱ्याच्या हातात तेव्हा एकही सेटिंग नव्हतं. ते ऑक्टोबर २०२० मध्ये आलं, आणि आजही ते आपणहून चालू करावं लागतं. वेटिंग रूमचीही गंमतच: तिथे ताटकळणाऱ्यालाही सर्व्हर मीटिंगचा व्हिडिओ आणि किल्ली पाठवत होता. हे याच लॅबनं शोधलं, आणि झूमनं ते एप्रिलच्या पहिल्याच आठवड्यात दुरुस्त केलं.

लेखकांची एक गोष्ट मला फार आवडते. मित्रांशी गप्पा, व्याख्यानं, तास यांसाठी घाबरण्याचं कारण नाही, असं ते स्वतःच लिहितात. धोका सरकारं, डॉक्टर, वकील, पत्रकार यांना. कोणाला आणि कोणापासून, हे सांगितल्याशिवाय 'असुरक्षित' या शब्दाला अर्थ नाही.

हे सगळं पाठ असूनही मी काय केलं ते सांगतो. घनसावंगी तालुक्यातल्या विहिरींच्या पाण्यातल्या नायट्रेटची माझी शीट मालकांची नावं, गट नंबर, मोबाइल यांसकट 'लिंक असलेला कोणीही एडिट करू शकेल' अशी ठेवली होती. कारण? प्रत्येकाला परवानगी द्यायचा कंटाळा. लिंक व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलेली, ग्रुपमधून किती जण आले-गेले देव जाणे. लक्षात आल्यावर नावांचे कॉलम उडवले आणि निवांत बसलो. मग आठवलं की एडिटची परवानगी असलेल्याला व्हर्जन हिस्टरीत जुनी शीट तशीच दिसते. शेवटी जुनी लिंक बंद केली, नवी शीट केली आणि तिच्यात विहिरींना फक्त नंबर दिले. नावांची यादी आता गाइडच्या कपाटात, कागदावर आहे.