फेफरे आणि भूतबाधा : मत्तयाच्या एका यादीचे वाचन

ख्रिस्ती श्रद्धा आजाराचे मूळ सैतानात शोधते, असे आपल्याकडे सर्रास लिहिले जाते. शुभवर्तमाने बारकाईने वाचली की मला हे विधान अर्धेच खरे वाटते. मत्तयाच्या चौथ्या अध्यायात येशूकडे आणलेल्या रोग्यांची यादी आहे. तीत भूतग्रस्त वेगळे, पक्षाघात झालेले वेगळे आणि फेफरे येणारेही वेगळे मोजले आहेत. योहानाच्या नवव्या अध्यायात जन्मांधाचे दुःख कोणाच्या पापाचे फळ, असे शिष्य विचारतात. येशू ते कारणच नाकारतो; भुताचा तर तिथे उल्लेखही नाही.

घोटाळा होतो तो विशेषतः एका आजारापाशी. तोंडाला फेस, दात खाणे, अंग ताठ होणे, लहानपणापासून आगीत-पाण्यात पडणे, अशी एका मुलाची लक्षणे मार्क सांगतो. आजचा वाचक त्याला अपस्मार म्हणेल. मार्क मुका-बहिरा आत्मा म्हणतो. मत्तयाच्या कथनात मात्र मुलाचा बाप यादीतला फेफऱ्याचाच ग्रीक शब्द वापरतो. ‘चंद्राने ग्रासलेला’ असा त्याचा मूळ अर्थ. तरीही पुढे त्या मुलातून भूत निघते. मत्तयाने दोन्ही नावे शेजारी ठेवली आणि निवाडा केला नाही.

निवाडा केला तो ओरिजेनने. हा ‘पवित्र रोग’ इतर रोगांहून अधिक दैवी नाही, तो मेंदूतून उद्भवतो, असे हिप्पोक्रेटिसच्या परंपरेतील ग्रंथाने इ.स.पू. 400च्या सुमारास मांडले होते. तिसऱ्या शतकात मत्तयावर भाष्य करताना ओरिजेनने वैद्यांची कारणे ठाऊक असूनही बाजूला सारली. माझा आक्षेप त्याच्या श्रद्धेवर नाही. मत्तयाने मोकळी ठेवलेली वाट त्याने बंद केली, यावर आहे.

रोमन चर्चचा 1614चा भूत काढण्याचा विधी अधिक सावध होता. कोणी पछाडले आहे असे सहजी मानू नये, औषधोपचार वैद्यांवर सोपवावेत, असे त्यात बजावले आहे. तरी 1975-76मध्ये जर्मनीतील क्लिंगेनबर्ग येथे, अपस्मारावर उपचार झालेल्या एका विद्यार्थिनीवर बिशपच्या परवानगीने या विधीची 67 सत्रे झाली. शेवटच्या दिवसांत डॉक्टरला बोलावलेच नाही. अन्नपाण्यावाचून ती 23व्या वर्षी गेली. 1978मध्ये आईवडील आणि दोन पुरोहित न्यायालयात दोषी ठरले.

या घटनेतून दिसतो तो केवळ अज्ञानाचा दोष नव्हे. रोगी सुधारला तर प्रार्थनेचे यश, खंगला तर भुताचा जोर, अशा कारणमीमांसेला स्वतःची चूक कळण्याची सोयच उरत नाही. औषध लागू पडले नाही, तर वैद्याला निदान बदलता तरी येते. भुतांवर विश्वास ठेवावा की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण मत्तयाच्या यादीत फेफऱ्याला स्वतंत्र जागा आहे, आणि डॉक्टरला बोलावण्यासाठी श्रद्धावंताला तेवढा आधार पुरेसा आहे.