वाळूवरचा वाटा

नरकचतुर्दशीच्या पहाटे तुळशीपुढे कारीट फोडून झाले, की आमच्या मालवणकडच्या घरांतून पोह्यांची ताटे फिरू लागतात. गोडे पोहे, दूधपोहे, वर शंकरपाळे आणि करंज्या. तांदूळ आमचा, नारळ आमचा. साखर मात्र घाटावरची. ऊस हे काही या किनाऱ्याचे पीक नव्हे. तेव्हा घाटावरच्या उसाचा भाव कोण ठरवतो, याची उठाठेव दर्याकाठच्या माणसाने का करावी, असे कोणी विचारील. ज्या निबंधाविषयी मी आज लिहिणार आहे तो हाती येईपर्यंत मीही तसेच म्हणत होतो.

हा निबंध अभिजित बॅनर्जी, दिलीप मुखर्जी, कैवन मुन्शी आणि देबराज रे या चार अर्थशास्त्रज्ञांनी मिळून लिहिला. 'जर्नल ऑफ पोलिटिकल इकॉनॉमी' या अमेरिकन नियतकालिकात तो 2001 साली प्रसिद्ध झाला. यांपैकी बॅनर्जींना पुढे 2019 साली नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. विषय आहे महाराष्ट्रातले सहकारी साखर कारखाने. सुमारे शंभर कारखाने आणि 1971 ते 1993 हा काळ, एवढा पसारा त्यांनी तपासला आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी सांगायला हवी. कंपनीचा मालक एक आणि कारभारी दुसरा, ही गोष्ट 1932 साली बर्ल आणि मीन्स या दोघा अमेरिकनांनी ठळकपणे मांडली. तिकडे भागधारक हजारो आणि विखुरलेले. सत्ता पगारी व्यवस्थापकांच्या हाती. आशियात चित्र निराळे निघाले. क्लासेन्स, जँकॉव्ह आणि लँग यांनी पूर्व आशियातल्या नऊ देशांतल्या 2,980 कंपन्या तपासून 2000 साली दाखवले, की दोनतृतीयांशांहून अधिक कंपन्यांवर एकाच बड्या भागधारकाचा ताबा आहे. इथे भांडण मालक आणि नोकर यांचे नाही. ते मोठा मालक आणि लहान मालक यांचे आहे.

मग सहकार हा यावरचा उतारा नव्हे काय? एक सभासद, एक मत. भाग दहा असोत की हजार, हात एकच वर करायचा. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरानगरला कारखाना उभा केला तो याच श्रद्धेवर. 1950-51 च्या हंगामात त्याचे गाळप सुरू झाले आणि पाहता पाहता सारा महाराष्ट्र त्या वाटेने गेला. शिवाय नियम असा, की लहानमोठ्या सर्व सभासदांना उसाचा दर एकच. याहून न्याय्य ते काय असणार?

निबंधाचे मर्म इथेच आहे. दर सारखा असूनही वाटा असमान कसा होतो, हे तो उलगडून दाखवतो. एक काल्पनिक हिशेब घेऊ. गावात एक बडा बागाईतदार शंभर टन ऊस घालतो आणि बाकीचे लहान शेतकरी मिळून नऊशे टन. कारभार बड्याच्या हाती आहे. त्याने टनामागे एक रुपया दर कमी ठेवला, तर त्याच्या स्वतःच्या खिशातून शंभर रुपये जातात. पण कारखान्याच्या तिजोरीत हजार रुपये उरतात आणि त्यांची किल्ली त्याच्यापाशी असते. आता हेच आकडे उलटे करा. ऊस बड्यांचाच नऊशे टन असेल, तर हजारांतले नऊशे त्यांचेच जातील. मग दर पाडण्यात हशील ते काय? आणि लहान शेतकरी इतके बळावले, की कारभारच त्यांच्या हाती आला, तर दर पुन्हा चढतो. म्हणजे सारेच मोठे असोत वा सारे लहान, दर बरा मिळतो. जिथे थोडे मोठे आणि पुष्कळ लहान एकत्र येतात तिथे तो पडतो. विषमता वाढली की कारखान्याची गाळपशक्तीही तोकडी राहते. प्रत्यक्ष आकडे या अनुमानांना दुजोरा देतात, असे लेखकांनी दाखवले आहे.

निबंधाचे मोठेपण मला यात वाटते, की त्यात खलपुरुष नाही. 'पुढारी चोर' एवढे म्हणून हात झटकणे सोपे होते. या चौघांनी माणसांचा स्वभाव बाजूला ठेवून जमिनीची वाटणी पाहिली. मत समान असले तरी वजन समान नसते, हे आपण पारावर बसून नेहमीच म्हणतो. त्यांनी ते मोजून दाखवले.

तरीही काही उणिवा सांगितल्याच पाहिजेत. पहिली ही, की या साऱ्या मांडणीत वाद आहे तो सभासदांचा. उसाच्या फडात कोयता चालवणारा ऊसतोड कामगार सभासद नाही, म्हणून वाट्याच्या या विचारात तो नाही. दुसरी अशी, की तिजोरीत उरलेल्या पैशाकडे निबंध बड्यांनी वळवलेला पैसा म्हणून पाहतो. पण कारखान्यांच्या आश्रयाने शाळा, महाविद्यालये, इस्पितळे उभी राहिली, ही डोळ्यांना दिसणारी गोष्ट आहे. त्यांत लहान शेतकऱ्याची मुलगी शिकली असेल, तर तिचे शिक्षण वजाबाकीत धरायचे की बेरजेत, हा प्रश्न वाचकाच्या मनात उरतोच. तिसरी उणीव काळाची. 1993 नंतर कितीतरी सहकारी कारखाने डबघाईला येऊन खाजगी हातांत गेले. ती शोकांतिका या चौकटीबाहेर राहिली. आणि शेवटची तक्रार भाषेची. ज्याच्या उसाच्या दराची ही मीमांसा, त्याच्यापासून ती इंग्रजी आणि बीजगणित या दोन कुलपांआड ठेवलेली आहे.

हे सारे वाचताना मला आठवत होता तो आमचा दांडीचा किनारा आणि तिथली रापण. रापणीचे जाळे एकट्याचे नसते. पुष्कळ ठिकाणी भागीदारांच्या जाळ्यांचे तुकडे जोडून ते लांबलचक होते. होडी त्याला समुद्रात वळसा घालून आणते, दोन्ही टोकांना माणसे दोर ओढतात आणि मासळी वाळूवर येते. मग वाटे पडतात. जाळ्याचा वाटा असतो, अंगमेहनतीचा असतो. ते सारखे नसतात, आणि रापणीतही वजनदार माणसे असतातच. उगाच तिचे देव्हारे माजवायला नकोत. पण वाटे पडतात ते सर्वांच्या डोळ्यांदेखत. आपल्याला कमी का मिळाले, हे पोरसवदा गड्यालाही कळते आणि तो तिथल्या तिथे भांडू शकतो. कारखान्यातला वाटा वाळूवर पडत नाही. तो ताळेबंदाच्या एका ओळीत पडतो, आणि ती ओळ वाचणारे थोडे.

हे घाटावरचे दुखणे घाटावरच राहील, अशा भ्रमात आपण राहू नये. 2002 सालच्या कायदादुरुस्तीने शेतकरी उत्पादक कंपनी हा प्रकार आला. आता काजू आणि आंबा पिकवणाऱ्या आमच्या माणसांनाही तिचे सभासद व्हा, असा आग्रह होतो. तो चांगलाच आहे. एकेकट्याने दलालाशी झुंजण्यापेक्षा बरा. माझ्या एका शेजाऱ्याने असाच भाग घेतला. मी विचारले, "नियम वाचलात काय?" तो हसून म्हणाला, "सही केलंय. वाचूचा तेवढा रवला."

त्या उत्तराला मीही हसलो, पण घरी आल्यावर हसू टिकले नाही. तिथेही मत एकेकच असणार, आणि बागा मात्र कोणाची दहा कलमांची, कोणाची हजारांची. उद्या काजूबीचा दर ठरेल, शिल्लक उरेल, आणि ती कोणी कशासाठी ठेवली हे विचारायला सभेत कोणी उठणार नसेल, तर चार विद्वानांनी उसाविषयी लिहिले ते काजूविषयी पुन्हा लिहावे लागेल.

पाडव्याला वहीपूजन होते. हळदकुंकू वाहून आपण वही मिटतो. यंदा पूजा झाल्यावर ती उघडून वाचावी, आणि शेजाऱ्यालाही वाचून दाखवावी. निदान मी तरी तसे ठरवले आहे.